पसंती सगळ्यांची, मत कुणाचं?

अण्णांनी पेपर घडी केला आणि म्हणाले, "राष्ट्राध्यक्षाची पसंती, म्हणजे त्याच्या कामावर खूश असलेल्यांचा टक्का, चाळिशीखाली गेली की तो पडलाच समजा. अमेरिकेत हे पक्कं."

"उलटंही बघा की," मास्तर म्हणाले. "थोरले बुश. 1991 मध्ये आखाती युद्ध जिंकलं तेव्हा गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत 89 टक्के लोक त्यांच्यावर खूश. पुढच्याच वर्षी क्लिंटननी हरवलं. बुशना मतं पडली 37 टक्के!"

"मंदीचा फटका बसला होता."

"तेच सांगतोय. आकडा त्या आठवड्यापुरता असतो."

इतका वेळ गप्प बसलेला पिंट्या म्हणाला, "गॅलपवाले तिथे राहणाऱ्या कुठल्याही सज्ञान माणसाला विचारतात. माझा दादा न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डवर. उद्या त्याला फोन आला तर त्याची पसंती धरतील. पण त्याला मत कुठे देता येतंय?"

खरा मुद्दा हाच होता. पसंती सगळ्यांची मोजतात, सरकार मात्र जे रांगेत उभे राहतात त्यांचंच. 2020 मध्ये तिथे 1900 नंतरचं सगळ्यात जास्त मतदान झालं, तरी पात्र लोकांपैकी दर तिसरा माणूस आलाच नाही. 2014 च्या मध्यावधीत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत, तर जेमतेम 36 टक्के.

"आळशी लेकाचे," अण्णा म्हणाले. तेव्हा मात्र मला राहवेना. मतदान मंगळवारी, तेही 1845 च्या कायद्यानं. रविवारी चर्च आणि बुधवारी बाजार, म्हणून शेतकऱ्यांसाठी मधला दिवस काढला होता. आज त्या दिवशी देशभर सुट्टी नाही. मतदार यादीत नावसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्वतःच घालायचं. तासावर मजुरी असलेल्या बाईनं काय करावं? आपल्याकडे भरपगारी सुट्टी असते, यादीवाला दारात येतो.

"आणि तरी," मास्तर शांतपणे म्हणाले, "2024 च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत निम्मेच लोक आले. सुट्टी होती ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी हेका सोडला नाही. सुट्टी असून जो येत नाही आणि जो येऊच शकत नाही, त्या दोघांना एका आकड्यात कोंबू नका. तिकडे टपालानं, आधीच्या आठवड्यांत मत देण्याची सोय बऱ्याच राज्यांत झाली आहे, ती सगळीकडे व्हायला हवी. अण्णांना हे पटलं नाही.

पिंट्या बाजूला जाऊन फोन लावत होता. तिकडे सकाळ झाली होती.

"दादा, पाच वर्षं झाली ना कार्डाला? नागरिकत्वाचा अर्ज भरलास का?"