पद्म पुरस्काराला ना शुल्क, ना शिफारसपत्र

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'पद्मश्रीसाठी खासदारांचं पत्र आणि नोंदणी शुल्क लागतं, मिळाली की दरमहा पेन्शन आणि रेल्वेचा पास.' यातलं काहीही खरं नाही. कृपया कुणाला पैसे पाठवू नका.

नामांकन कोणताही नागरिक करू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ते फुकट भरता येतं. खरी मेहनत आहे ती कामाची माहिती लिहिण्यात, आणि तीही ८०० शब्दांच्या आत. परवा राजवाड्याजवळच्या एका काकूंनी सासऱ्यांची फाइल उघडली. चाळीस वर्षं गाणं शिकवलेला माणूस! फाइलीत मात्र शाल-श्रीफळाचे फोटो आणि पिवळी पडलेली कात्रणं. म्हटलं, "काकू, शाली राहू द्या. किती मुलं शिकली, फी न घेता कितींना शिकवलं, ते लिहा." त्या तिथेच वही घेऊन बसल्या.

पुरस्कारात मिळतं काय? राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. रोख रक्कम नाही, प्रवासात सवलतही नाही.

आणखी एक. नावाआधी 'पद्मश्री' लावणं योग्य नाही. हा किताब नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलंय. आपल्या सुमित्राताई महाजनांना २०२१ सालचं पद्मभूषण जाहीर झालं. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव छापतानाही हे पाळायलाच हवं.

मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपांवर टाकावा, ही विनंती.