कॅम्पबेल, खांदा आणि बाळ्याचा मफलर

एडिंबरा करून आल्यापासून बाळ्या कट्ट्यावर मफलर गुंडाळून बसतो. चौकड्यांचा, लोकरी. भर एप्रिलात. काल घाम पुसत त्याने मोबाइल पुढे केला. स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोच्या क्लाखेग इन या हॉटेलातली पाटी: फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही.

"बघा! कॅम्पबेल घराण्याने ग्लेनकोत यजमान मॅकडोनाल्डांची कत्तल केली, त्याला तीनशे वर्षं झाली तरी माफी नाही. रक्तातच दगा, साल्यांच्या!"

मीनलने कटिंग खाली ठेवला. "१६९२ ला पलटण कॅम्पबेलांच्या म्होरक्याची, म्हणजे आर्गाइलची होती, कॅप्टन ग्लेनलायनचा रॉबर्ट कॅम्पबेल होता, कबूल. पण हुकमावर सही विल्यम राजाची आणि डाव त्याच्या मंत्र्याचा, डॅलरिंपलचा. डॅलरिंपलांना प्रवेश नाही, अशी पाटी दिसली का कुठे?"

बाळ्याने फोटो झूम करून पाहिला. खरंच.

"ते सोड," अण्णा म्हणाला. "कॅम्पबेल धर्मासाठी लढले म्हणतात, पण धर्म हा सगळा बहाणा. कव्हेनंटवर, म्हणजे आपलं चर्च राखायच्या करारावर, सही करायची आणि शेजाऱ्याची जमीन ओढायची. इन्व्हर्लॉकीला १६४५ साली राजाचा सेनापती मॉन्ट्रोज कॅम्पबेलांची माणसं कापत होता, आणि तेव्हाचे आर्गाइल साहेब कुठे? बोटीत!"

"खांदा निखळला होता त्याचा," मीनल म्हणाली.

"सोयीचा खांदा."

इथे मीनलसुद्धा हसली. पण सोडते थोडीच! "१ जानेवारी १६५१ ला स्कोनला याने दुसऱ्या चार्ल्स राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला. त्याच चार्ल्सच्या राज्यात, १६६१ ला, याचं डोकं उडवलं. एडिंबऱ्याच्या टॉलबूथ तुरुंगाच्या ज्या खिळ्यावर मॉन्ट्रोजचं मुंडकं होतं, त्याच खिळ्यावर याचं टांगलं. पोरगा तसलाच. १६८१ ला सरकारी शपथ घे म्हटलं, तर म्हणाला, ही शपथ स्वतःशी आणि प्रॉटेस्टंट धर्माशी जेवढी जुळते तेवढीच घेतो. झाला राजद्रोह! सावत्र मुलीच्या झग्याचा घोळ धरून, नोकराच्या वेषात किल्ल्यातून निसटला. १६८५ ला जेम्स राजाविरुद्ध बंड करायला परत आला आणि बापाचं डोकं उडवलेल्याच यंत्राखाली गेला. नुसती जमीन हवी असती तर नंदीबैलासारखी मान डोलवायची. मान राहिली असती."

"मेडन ते! मी पाहिलंय म्युझियममध्ये," बाळ्या उसळला. सेल्फीत यंत्राची एक कड आणि बाकी सगळा मफलर.

"नातू मात्र ड्यूक झाला, १७०१ ला," अण्णाने टोला हाणलाच. मीनल मफलरचं लेबल उलटून बघत होती. कॅम्पबेल टार्टन.

हसणं ओसरेपर्यंत बाळ्या लाल. "तरीपण! बारा दिवस पाहुणे म्हणून मॅकडोनाल्डांच्या घरात जेवले, पत्ते खेळले आणि पहाटे..."

"बारा?" अण्णा म्हणाला. "माझ्या बोरिवलीच्या खोलीवर तू दोन दिवस म्हणून आलास, एकवीस राहिलास. वर माझी छत्री घेऊन गेलास."

"परत केली होती!"

"दांडा परत केलास."