‘पळवाट’ या आक्षेपाविषयी: गोव्याचे पोर्तुगीज नागरिक आणि त्यांच्या भारतीय पत्नी

नमस्कार.

गोव्यातील पोर्तुगीज पासपोर्टधारकांच्या भारतीय जोडीदारांना जर्मनीत मिळणाऱ्या निवासाच्या हक्काविषयी मी लिहिले होते. त्यावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की आपण स्वतः जर्मन नागरिक असूनही आपल्या पत्नीला पुण्यात जर्मन भाषेची ए-१ ही प्राथमिक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागली आणि नंतर व्हिसासाठी महिनोन्महिने थांबावे लागले. उलट ज्याने पोर्तुगालमध्ये एक दिवसही काढलेला नाही, अशा मडगावच्या माणसाची पत्नी परीक्षेविना आणि शुल्काविना येते. ही पळवाट असून मी तिचा प्रचार करतो आहे, असा आपला आरोप आहे.

आपल्याला मिळालेली वागणूक अन्यायाची आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्याचा दोष मडगावच्या जोडप्याकडे जात नाही. युरोपीय संघाने २९ एप्रिल २००४ रोजी मंजूर केलेला ३८ क्रमांकाचा निर्देश, म्हणजे सर्व सदस्य देशांना बंधनकारक असलेला कायदा, स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहायला जाणाऱ्या नागरिकासाठी आहे. पतीला किंवा पत्नीला बरोबर नेता येणार नसेल, तर परदेशी नोकरी करण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहील, म्हणून जोडीदाराचा हक्क त्या नागरिकाच्या हक्काला जोडलेला आहे. जर्मन नागरिक जर्मनीतच राहतो तेव्हा हा निर्देश त्याला लागूच होत नाही. तेथे देशाचा स्वतःचा निवास कायदा लागतो आणि त्यात भाषेची अट २००७ पासून आहे. आपण उद्या नोकरीसाठी नेदरलँड्सला गेलात, तर आपल्या पत्नीकडे तेथे डच भाषेची परीक्षा मागता येणार नाही. डच नागरिकाच्या भारतीय पत्नीला मात्र ती येण्यापूर्वीच द्यावी लागते. शेजाऱ्याच्या नागरिकाला जे देणे बंधनकारक आहे, ते स्वतःच्या नागरिकाला नाकारायचे, हे धोरण त्या त्या देशाच्या संसदेने ठरवलेले आहे आणि तीच ते बदलू शकते.

मडगावच्या माणसाचे पोर्तुगालशी नाते किती, हा प्रश्न जर्मन अधिकाऱ्याला विचारताच येत नाही. इटलीचेही नागरिकत्व असलेल्या मिकेलेत्ती नावाच्या अर्जेंटिनी दंतवैद्याला स्पेनने याच कारणाने अडवले होते. एका सदस्य देशाने दिलेले नागरिकत्व दुसऱ्याने जास्तीच्या अटी घालून नाकारू नये, असे युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी सांगितले. त्याच दिवशी आणखी एक निकाल लागला, आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने १९८२ मध्ये ब्रिटिश नागरिक असलेल्या स्त्रीशी विवाह केला, दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि मग ते ब्रिटनमध्ये परतले. परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही संघाच्या कायद्याचे संरक्षण मिळते, हे त्या खटल्यात ठरले. पुढे २०१४ मध्ये न्यायालयाने त्याची मर्यादाही आखली: दुसऱ्या देशातले वास्तव्य खरेखुरे हवे, शनिवार-रविवारच्या फेऱ्या कितीही झाल्या तरी त्या पुरत नाहीत. न्यायालयाने जो मार्ग उघडपणे तपासला आणि त्याच्या अटीही सांगितल्या, त्याला मी पळवाट म्हणणार नाही. खोट्या विवाहांचा मुद्दा आपण काढला आहे. तशा विवाहावर मिळवलेला हक्क काढून घेण्याची तरतूद निर्देशाच्या ३५ व्या कलमात आहेच.

शेंगेन व्हिसाच्या अर्जात काही रकान्यांवर तारांकन असते. स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात जाणाऱ्या संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयांनी ते रकाने भरायचे नसतात. नोकरी कोणती, खर्च कोण करणार, हे त्यांना विचारले जात नाही. आपल्याला खटकली ती बहुधा हीच सवलत. पण तीन महिन्यांनंतरही राहायचे असेल, तर पतीला नोकरी किंवा व्यवसाय हवा, नाहीतर पुरेसे उत्पन्न आणि आरोग्य विमा हवा. पाच वर्षे सलग राहून कायम निवास मिळेपर्यंत पत्नीचे स्थान पतीवर अवलंबून असते. आपण नोकरी सोडलीत म्हणून आपल्या पत्नीचा परवाना सहसा डळमळीत होत नाही. मडगावहून आलेल्या पत्नीचा होऊ शकतो.

मला खरी चिंता या अवलंबित्वाची वाटते. घटस्फोटानंतर हक्क टिकावा म्हणून विवाह किमान तीन वर्षांचा आणि त्यातले एक वर्ष त्या देशातले असावे लागते. छळासारख्या प्रसंगांसाठी वेगळा अपवाद आहे. पण कुलदीप सिंग या भारतीयाच्या लाटव्हियन पत्नीने आधी आयर्लंड सोडले आणि मग घटस्फोटाची कार्यवाही सुरू केली. ती निघून गेली तेव्हाच कुलदीप यांचा निर्देशाखालचा हक्क संपला, असे न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. म्हणजे जोडीदाराने केवळ देश सोडला, तरी मागे राहिलेल्याची वर्षानुवर्षांची नोकरी आणि घर धोक्यात येते. मडगावहून येणाऱ्या प्रत्येक पत्नीला हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे, यासाठीच मी लिहितो. अर्ज केल्याची पावती ताबडतोब मिळाली पाहिजे आणि निवास कार्ड सहा महिन्यांच्या आत, हेही तिला माहीत असायला हवे.

आपल्या तक्रारीची जागा जर्मन संसदेची याचिका समिती आहे. तिथे कोणालाही लेखी अर्ज करता येतो, आणि आपण तर तिथले मतदारही आहात. मसुदा तयार केलात तर मला जरूर पाठवा. भाषेची अट रद्द व्हावी, या मागणीला माझा पाठिंबा आहे.