संसार निम्मा-निम्मा, झाडू सोडून

गोव्यात लग्न केलंत, उत्तम केलंत. बाकीच्या देशात कपाट कुणाचं आणि पलंग कुणाचा यावर नवरा-बायको जन्मभर भांडतात. आपल्याकडे तो प्रश्न पोर्तुगीज सोडवून गेले. त्यांच्या 1867 च्या नागरी संहितेतून आलेला नियम असा की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा. तुम्ही कमावलेलं, तिने कमावलेलं, वडिलोपार्जित, सगळं त्यात आलं. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे तुमच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची निम्मी मालकीण तुमची बायको, आणि तिच्या झाकणं हरवलेल्या डब्यांचे निम्मे मालक तुम्ही.

तेव्हा घर आवरायला काढलंत की हा कायदा खिशात असू द्या. कुठलीही वस्तू दाराबाहेर निघाली की 'माझ्या अर्ध्याचं काय?' एवढं विचारायचं. वस्तू आपोआप आत येते.

सुरुवात कुठून करावी असं नवीन जोडपी विचारतात. दुसऱ्याच्या सामानापासून. तुमच्या कॉलेजातल्या बॅटला वाळवी लागलेली असली तरी तिच्यात तुमचं तारुण्य आहे. बायकोच्या आजीच्या रोवळीत मात्र नुसती धूळ आहे, हे कुणालाही दिसेल. बायकोला दिसत नसेल तर आवाज चढवून दाखवा.

मग माळ्यावर चढा. वर पहिल्यांदा माटोळीची, म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, चौकट लागेल. ती वर्षातून एकदा लागते, तिला हात लावू नका. तिच्यामागे पाणी तापवायचं तांब्याचं भाण आहे. गॅस गिझर आल्या दिवसापासून ते तिथे पालथं पडलंय, पण तांब्याचा भाव वाढतोय म्हणून ठेवायचं. वेत तुटलेली आरामखुर्ची विणून घ्यायची आहे. विणणारा माणूस मिळाला की लगेच. दुबईहून आलेल्या मोठ्या बॅगेत मधली बॅग आहे, मधलीत छोटी आणि छोटीत वायरी. त्या वायरी कशाच्या ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर टाकता येत नाहीत. खाली उतरताना हातात एखादी फुटकी चिनीमातीची बरणी असावी. घामाघूम होऊन काहीतरी केल्यासारखं दिसतं.

घरामागे जायला विसरू नका. न्हाणीच्या भिंतीला टेकवून मंगळुरी कौलांची चळत रचलेली असते. घरावर स्लॅब पडून वर्षं लोटली, तरी चळत तिथेच. 'उद्या एखादं फुटलं तर?' असं तुमचे वडील म्हणायचे, म्हणून तुम्हीही म्हणता. आता घरावर एकही कौल नाही, तर फुटणार काय, हा प्रश्न बायको विचारेल. तिला सांगा, वडिलांच्या हातची रचलेली आहे. आत विंचू असतात, पावसात कधी फुरसंही निघतं. त्यामुळे चळत हलवणं धोक्याचं, आणि न हलवल्याने त्यांची वस्ती वाढते, हा भाग चर्चेत घ्यायचा नाही.

खरं तर सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्वतः काहीच न आवरता ते काम कोर्टावर सोडणं. आपल्याकडे माणूस गेला की वाटणीसाठी इन्व्हेंटरी करतात. मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, वारसांमध्ये बोली लागते. तुम्हाला दोघांना जन्मभर जे जमलं नाही ते तुमची मुलं वकिलांना फी देऊन करतील. परसातल्या वाटणाच्या दगडी रगड्यावर कुणी बोली लावणार नाही, पण तो तेव्हाचा प्रश्न.

तरीही बायकोने फारच लावून धरलं तर भंगारवाल्याला थांबवा. त्याचा टेम्पो दारात उभा राहिला की पंखा बाहेर येतो. तो काट्याला अडकवतो, काटा अजून स्थिरही होत नाही, तोवर तुमचा जीव खालीवर व्हायला हवा.

"चालतो गो तो. कपॅसिटर तेवढा गेलाय."

"तीन चवथी झाल्या जाऊन. आला का परत?"

अशा वेळी भंगारवाला फणसाच्या झाडाकडे बघत उभा राहतो. त्याने बरीच घरं पाहिलेली असतात. पंखा आत जातो आणि रिकाम्या हाताने माणूस पाठवू नये म्हणून रद्दी दिली जाते. त्या रद्दीत पाण्याचं बिल असतं. ते सापडत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा अख्खं घर उपसायचं, ही वेगळी साफसफाई.

आता कामांकडे वळू. पोर्तुगीजांनी मालमत्तेची वाटणी केली, झाडूची राहून गेली. ती चूक दुरुस्त करायची घाई कुणालाच नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर लोकांच्या वेळेची मोजदाद केली. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, आणि पुरुष 97. हे 97 सुद्धा सगळ्या पुरुषांचे नव्हेत. जे काहीतरी करत होते अशांचे, आणि असे शंभरात 26. तुम्ही उरलेल्या 74 मध्ये असाल तर घाबरून जाऊ नका. बहुमत तुमच्या बाजूने आहे.

पण 26 मध्ये घुसायचंच असेल, तर गोव्यातल्या पुरुषाला एक राजमार्ग आहे. मासळी आणा. रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचं, कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, दहा रुपयांसाठी मासेवालीशी हुज्जत घालायची आणि घरी येऊन भाव सर्वांना ऐकू जाईल असा सांगायचा. पिशवी सिंकमध्ये ठेवायची. नीट ठेवायचीही गरज नाही. बांगड्यांचं लालसर पाणी ओट्यावरून खालच्या ड्रॉवरपर्यंत जाऊ द्या. इथे तुमचं काम संपलं. पुढचं पोट फाडणं, कल्ले काढणं, तीन पाण्यांनी धुणं, मांजराला हाकलणं, नारळ खवणं, वाटण करणं, हुमणाला तिरफळं घालणं आणि शेवटी सिंकचा वास घालवणं हे किरकोळ आहे, त्यात काही वेळ जात नाही. जेवून उठताना 'आजचं नुस्तं बरं मिळालं' म्हणा. मिळवणारे तुम्ही, हे लक्षात राहायला हवं.

या सेवेलाही सुट्टी आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी. मासे अंडी घालतात म्हणून ती असते, पण त्या काळात तुम्हीही विश्रांती घ्यायला हरकत नाही. मे महिन्यात सुकी सुंगटं, सोलं आणि मिरच्या भरून पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सोय कुणीतरी केलेली असतेच. कुणी, ते माहीत करून घेऊ नका.

पावसात कपड्यांचं काय करायचं, याबद्दल पुरुषांना थोडी माहिती असलेली बरी. इथे जूनमध्ये दोरीवर घातलेला टॉवेल वाळत नाही, त्याला बुरशी येते. कपडे गच्चीतून व्हरांड्यात, व्हरांड्यातून हॉलमध्ये, हॉलमधून पंख्याखाली असे फिरवत राहावे लागतात. ज्या पंख्याखाली फिरवायचे त्याचा कपॅसिटर गेलाय, हे आपण वर पाहिलं.

उरलं रंगकाम. इथे जरा थांबू, कारण जोडप्याचा खरा कस इथेच लागतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिऱ्याची भिंत त्यातलं जमेल तेवढं पिते. जुनी माणसं चुन्याचा गिलावा करायची, वर चुनाच फासायची. प्यायलेलं पाणी उन्हं आली की भिंत सोडून द्यायची. तुम्ही तसलं काही करू नका. सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत प्लास्टिक पेंट लावा. पाणी आतच कोंडतं, लोणा वर येतो, रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. त्यामुळे दरवर्षी रंग काढायला निमित्त मिळतं.

रंग एप्रिलमध्ये काढावा, असं काही शहाणे सांगतात. तेव्हा भिंत खडखडीत कोरडी असते, रंगारी मोकळा असतो, भावही बरा करतो. म्हणूनच तेव्हा काढायचा नाही. चवथ आठ दिवसांवर आली, बाहेर धो धो पाऊस लागला आणि रंगाऱ्याने वाड्यावरच्या सगळ्या घरांची कामं एकदम घेतली, की त्याला बोलवावं. तोवर तुम्ही दोघांनी शेडकार्डावरच्या दोन क्रीम रंगांवरून बोलणं टाकलेलं असावं. कोणता घ्यायचा ते शेवटी रंगारीच ठरवतो: शेजारच्यांच्या हॉलमधला उरलेला. ओल्या भिंतीवर तो एक हात मारतो आणि पुढच्या घरी पळतो.

चतुर्थीला पुण्या-मुंबईचे भाऊ मूळ घरी येतात. जिथे फुगा सर्वांत मोठा, तिथे मखर लावा. दुसऱ्या नंबरच्या फुग्यासमोर ज्येष्ठ आत्याला बसवा, ती आरतीलासुद्धा उठत नाही. एखादा मेहुणा भिंतीला बोट लावून 'यात हवा आहे की पाणी?' असं विचारेलच. त्याच्यापुढे नेवऱ्यांचं ताट सरकवा आणि सांगा, रंगारी दुसरा हात मारायला चवथीनंतर येतो म्हणालाय. कुठल्या चवथीनंतर, ते तुम्हीही विचारलेलं नाही.