'बंदूक कंपनीचा काय संबंध?' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले चार दिवस आमच्या देवगडकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की बंदूक मारत नाही, माणूस मारतो, त्यामुळे सरकारने बंदूक कंपन्यांशी बोलून काही उपयोग नाही, अमेरिकेने 2000 साली करून बघितलं आणि फसले, ज्याला मरायचंय त्याला कुलूप थोडंच अडवणार, आणि गुन्हेगार कुठे लायसनची बंदूक वापरतात. चांगली शिकलेली माणसं त्याला अंगठे देतायत म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

अमेरिकेचं आधी घेऊ. 17 मार्च 2000 ला स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला हे खरं. पिस्तुलाबरोबर कुलूप द्यायचं, वरचा नंबर घासून काढला तरी सापडेल असा दुसरा लपवलेला नंबर टाकायचा, विक्रीचे नियम न पाळणाऱ्या दुकानदाराला माल द्यायचा नाही, असं बरंच काही कंपनीने मान्य केलं होतं. पुढे काय झालं ते मेसेजवाल्याने गाळलंय. बंदूकवाल्यांच्या संघटनेने कंपनीला गद्दार ठरवलं, गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला, विक्री कोसळली, कामगार घरी बसले, आणि ज्या ब्रिटिश मालकाने 1987 मध्ये 11 कोटी डॉलरच्या वर मोजून ती घेतली होती त्याने 2001 मध्ये दीड कोटी डॉलर रोख द्या आणि कंपनीवरचं कर्ज अंगावर घ्या या बोलीवर विकून टाकली. बाकी मोठ्या कंपन्या ते बघून लांबच राहिल्या, सरकार बदललं आणि करार कागदावर राहिला. म्हणजे औषध पोटात जायच्या आधीच बाटली फोडली, मग गुण आला नाही असं कसं म्हणता?

आता 'मरणारा मरतोच'. हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीने साधारण 48,800 माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. आणि इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना बंदूक छावणीतच ठेवून जायचा नियम केला तर सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि बाकीच्या दिवशी काही वाढल्या नाहीत. माणसं तीच, मनातलं दुःखही तेच, फक्त त्या वेळेला हाताशी बंदूक नव्हती. तो एक वाईट तास टळला तर माणूस वाचतो हो.

आपल्याकडचं सांगतो. आमच्या घरी शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक होती, आजोबांच्या नावावर, माकडं आणि डुकरांसाठी. माजघरात खुंटीला टांगलेली असायची आणि काडतुसं देवघरातल्या डब्यात. मे महिन्यात सगळी पोरं जमलेली, चुलतभावाने खेळता खेळता ती काढली आणि माझ्या दिशेने धरली. आजी ओरडली, "मेल्या, ती भरलेली आसा!" आणि त्या दचक्यानेच नळी वर झाली आणि बार उडाला. दोन कौलं फुटली, छरे वाशात घुसले, ते अजून तिथेच आहेत. तेव्हा मी नऊ वर्षांचा. माणूस मारतो म्हणता ना, मग सांगा तिथे कोण कोणाला मारणार होतं? घोड्याला, म्हणजे ट्रिगरला, एक छोटं कुलूप असतं तर प्रश्नच नव्हता, आणि ते कुलूप बंदुकीबरोबर कारखान्यातूनच येऊ शकतं. 2016 च्या शस्त्र नियमांत बंदूक नीट सांभाळून ठेवायची जबाबदारी लायसनवाल्यावर टाकलीये, चांगलंच आहे, पण बनवणाऱ्यालाही थोडी द्या की.

गुन्हेगारांचं म्हणाल तर ते अर्धं बरोबर आहे. गावठी कट्ट्याला ना कंपनी, ना नंबर, त्याच्याशी कोण करार करणार. पण त्यात घालायचं काडतूस? ते घरच्या भट्टीत बनत नाही. बारा बोरची, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीची, काडतुसं पुण्याला खडकीच्या सरकारी कारखान्यात बनतात, .32 ची रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात. म्हणजे अमेरिकेत सरकारला कंपनीच्या दारात जावं लागलं, आपल्याकडे हे कारखानेच सरकारचे आहेत, घरातल्या घरात विषय. पुंगळीवर लॉटचा नंबर टाका, कुठला लॉट कुठल्या दुकानात गेला आणि तिथून कोणाला, हा हिशोब कारखान्यापासून शेवटपर्यंत जुळवा, मग रानात सापडलेल्या रिकाम्या पुंगळीवरून दुकानापर्यंत तरी पोचता येईल. दर पावसाळ्यानंतर आपल्याकडे डुक्कर समजून माणसावर बार टाकल्याची बातमी येते आणि बंदूक बेकायदा निघाली की तपास तिथेच अडतो, तो अडणार नाही.

आजोबांची बंदूक आता काकांच्या नावावर आहे. निवडणुकीला ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. गेल्या वर्षी मी घोड्याच्या कड्यातून सायकलची साखळी ओढून कुलूप घातलं, किल्ली काकीच्या पदराला. नळीला ओरखडे पडतात म्हणून काका कुरकुरतात, पण अजून काढलेलं नाही.