आगमनकाळात जेवलं की पाप? हे कुठे लिहिलंय?

'आगमनकाळात चाळीस दिवस उपवास सक्तीचा. मांस खाणाऱ्याने मिस्सात कम्युनियन घेऊ नये. काळ १ डिसेंबरलाच सुरू होतो. मेणबत्त्यांचा क्रम चुकला तर प्रार्थना फुकट.' नाताळआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाबद्दल असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कम्युनियन म्हणजे तिच्यात मिळणारी पवित्र भाकर.) तो वाचून माझ्या मावशीने दुपारचं जेवण सोडलं. तिला इन्सुलिन चालू आहे. पाठवणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा होता.

उपवासाचंच आधी घेऊ. लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमच्या उपासनापरंपरेतल्या कॅथलिकांना चर्चच्या कायद्याचं पुस्तक, १९८३ची धर्मसंहिता, लागू आहे. तिचं कलम १२५० काढून वाचा. प्रायश्चित्ताचे दिवस म्हणजे वर्षभरातले शुक्रवार आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ. आगमनकाळाचं त्यात नावही नाही. सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार (त्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. तोही अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. मावशी सत्तरीची आहे. गुड फ्रायडेलासुद्धा जिच्यावर बंधन नाही, तिला तुम्ही नाताळपर्यंत उपाशी ठेवणार? आणि वर कम्युनियनची भीती घालणार? कम्युनियनआधी एक तास खायचं नाही, इतकाच नियम आहे. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना त्यातूनही सूट आहे, कलम ९१९. शुक्रवारी मांस टाळायचं ते वर्षभराचं, तिथल्या बिशपांच्या नियमाप्रमाणे. त्याचा आगमनकाळाशी संबंध नाही.

यात तथ्य अजिबातच नाही असं मात्र म्हणता येत नाही. पाचव्या-सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्याला तीन दिवस उपवास करत. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये नाताळआधीचा चाळीस दिवसांचा उपवास आजही आहे. आपल्याकडेही फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारी ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं स्तोत्र म्हणत नाहीत. पण आलेलुया हा आनंदाचा जयघोष म्हणतोच ना? ईस्टरआधी तोही बंद असतो. १९६९च्या उपासनावर्षाच्या नियमांत आगमनकाळाला भक्तीने, आनंदाने वाट पाहण्याचा काळ म्हटलंय: ख्रिस्तजन्माच्या स्मरणाची आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची. स्वखुशीने कोणी काही सोडलं तर चांगलंच आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो उपाशी राहा म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, अन्नाचंही तसंच करा, म्हणतो. हे वाचन तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारीच येतं.

तारीख? आगमनकाळ सुरू होतो ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळच्या रविवारी. २०२३ साली तो रविवार ३ डिसेंबरला आला, २०२५ साली ३० नोव्हेंबरलाच. १ डिसेंबर ही चोवीस खिडक्यांच्या चॉकलेटवाल्या कॅलेंडरची तारीख.

राहिल्या मेणबत्त्या. आगमनकाळात दर रविवारी एकेक मेणबत्ती लावतात ते हे चक्र आलं लुथेरन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडून. १८३९ साली योहान विखेर्न यांनी हाम्बुर्गजवळच्या गरीब मुलांच्या आश्रमात ते लावलं. कॅथलिकांनी ते नंतर आपलंसं केलं. सुंदर आहे, जरूर लावा. पण ते लावलंच पाहिजे असा नियम नाही, मग क्रम चुकला म्हणून प्रार्थना फुकट कशी जाईल?