उत्तर: ती बुरशी नव्हती, पण चूक आमचीही आहे

नमस्कार काकू,

तुम्ही एक तारा दिलात आणि सोबत पुडीचा फोटोही टाकलात, ते बरं केलंत. फोटो नसता तर मीही बुरशीच समजले असते. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुदानपी या चिनी औषधाच्या सालीवर पांढरी बुरशी होती, काढा तोंडात धरवेना, गल्ल्यावरच्या मुलीने पोलिसासारखी चौकशी केली आणि गरोदर सुनेसाठी मागितलेली दुसरी पुडी दिलीच नाही. मी मूळची नाशिकची. सासऱ्यांचं सिंगापुरातलं हे मेडिकल हॉल, म्हणजे चिनी औषधांचं दुकान, बारा वर्षं सांभाळतेय, पण मराठीतून बोलणी पहिल्यांदाच खाल्ली. म्हणून उत्तरही मराठीतच.

आधी त्या पांढऱ्या कणांचं. मुदानपी म्हणजे झुडपासारख्या वाढणाऱ्या पिओनी या फुलझाडाच्या मुळाची साल. शरद ऋतूत मुळं खणतात, बारीक तंतू काढतात, आतला लाकडी दांडा ओढून बाहेर काढतात आणि उरलेली साल वाळवतात. म्हणून ती दालचिनीच्या सुरळीसारखी पोकळ दिसते. तिच्यात पिओनॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. साल पडून राहिली की ते आतल्या बाजूला आणि तुटलेल्या कडेवर स्फटिकांच्या रूपात जमतं. चिनी व्यापारी त्याला चांदीचे तारे म्हणतात आणि असा माल हौसेने निवडतात. त्यांच्या सरकारी औषधकोशानुसार सालीत पिओनॉल किमान १.२ टक्के असावंच लागतं. आन्हुई प्रांतातल्या थोंगलिंगजवळच्या फंगहुआंग डोंगराची साल सर्वात नावाजलेली. सासरे तर तारे दिसले नाहीत तर पोतं उघडून पुन्हा बांधायला लावायचे.

तुमच्या पुडीतला एक तुकडा उन्हात धरून बघा. स्फटिक चमकतात, बुरशी चमकत नाही. ती कापसासारखी किंवा हिरवट-करडी असते आणि तिला कुबट वास येतो. सालीचा वास उग्र पण स्वच्छ असतो. इथल्या दमट हवेत खरी बुरशीही धरते, हे मी नाकारत नाही. कुबट वास आलाच तर पुडी तशीच घेऊन या, वाद घालणार नाही. उलट, माल फारच गोरापान दिसला की मला संशय येतो, कारण काही जण गंधकाची धुरी देऊन औषधं पांढरी करतात.

आता काढा. तुम्ही लिहिलंय की अर्धी पुडी कुकरला लावून पाच शिट्ट्या केल्या. काकू, ती काय तूरडाळ आहे का! पुडी १०० ग्रॅमची होती. औषधकोशातलं प्रमाण दिवसाला ६ ते १२ ग्रॅम आहे, म्हणजे एका वेळी तुम्ही निदान चार दिवसांचं औषध उकळलंत. पिओनॉल ५० अंशांच्या आसपासच वितळतं आणि वाफेबरोबर उडून जातं, त्यामुळे शिट्टीतून सुगंध गेला आणि तळाला कडू-तुरट पाणी राहिलं. मातीच्या भांड्यात, मंद आचेवर, इतर औषधांसोबत थोडाच वेळ उकळायचं असतं. हे पुडीवर फक्त चिनीत छापलं होतं, ही चूक सरळ सरळ आमची. माफ करा.

चौकशीबद्दल मात्र मी त्या मुलीच्या बाजूने आहे. चिनी वैद्यकाच्या भाषेत ही साल रक्त थंड करते आणि तुंबलेलं रक्त हलवतेही. थंड औषधांनी रक्त साकळतं असं ते मानतात, म्हणून दोन्ही कामं करणारं औषध त्यांना मोलाचं वाटतं. पण हाच गुण गरोदरपणी नको. औषधकोशातच गरोदर स्त्रीने जपून वापरावं असं म्हटलंय, आणि वैद्याच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही. तुम्ही रक्त पातळ होण्याची गोळी घेता हे तुम्ही तिला सांगितलंत, म्हणून ती आणखी खोदून विचारत राहिली. तेव्हाच तिने तुमची पुडीही थांबवायला हवी होती. ती दिली, हा माझा खरा राग आहे. उरलेली साल वापरू नका, आणि प्यायलात ते तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

अंगातून वाफा निघतात म्हणून तुम्ही हे घेतलंत. चिनी वैद्य अशा तक्रारीवर शियाओ याओ सान या जुन्या योगात मुदानपी आणि अनंताचं फळ (हो, आपल्या दारातला अनंत!) मिसळून देतात, पण ती दहा औषधांची मोट असते. एकटी साल उकळून पिण्याची कल्पना कोणाची, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पैसे परत मिळतील, उरलेली पुडी घेऊन या. पुडीवर आता इंग्रजी आणि मराठीतही सूचना छापून घेतेय. येताना सूनबाईंनाही आणा. औषध देणार नाही, चहा देईन.